गुरुजींची पाठ

ज्या वयात अंगाला उंची येते आणि आवाज फुटतो, त्या वयाविषयी मागील प्रकरणांत पुष्कळ लिहून झाले आहे. गुरुगृहीची विहीर, हिवाळ्यातले पहाटेचे स्नान, एक स्वर चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागलेला अध्याय, हे सारे वाचकांना आता तोंडपाठ झाले असेल. परंतु माझे वाढणे तिथे पुरे झाले नव्हते. त्याचा राहिलेला भाग अडुसष्टाव्या वर्षी, सुरतेत, पांडेसऱ्याच्या दोन खोल्यांत घडला आणि त्याला कारण झाला राग. मी शांत प्रकृतीचा मनुष्य आहे असे आमचे यजमान एकमेकांना सांगतात. ते मला होमकुंडापाशी बसलेला पाहतात. धुराने डोळे चुरचुरत असताही मंत्र सोडत नाही, हे पाहतात. पोटात काय शिजते आहे ते त्या धुरातून कसे दिसावे?

तीस वर्षे मी खानदेशातून आलेल्या घरांची लग्ने लावली. रंगाच्या मिलांत राबणारी, कापडाचे ताके खांद्यावरून वाहणारी, गावाकडचे कुलाचार इमानाने सांभाळणारी ही माणसे. पहिल्या वर्षांत मंडपात एखादा छायाचित्रकार असे. तो कोपऱ्यात उभा राही, मोजकी चित्रे काढी आणि पंगतीला बसे. मग एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, त्यांच्यामागून दिवे आले, दिव्यांच्या तारा आल्या, डोक्यावर घोंघावणारे उडते यंत्र आले आणि शेवटी तो शब्द आला. थांबा. ‘महाराज, थांबा, हार पुन्हा घालू द्या.’ ‘गुरुजी, अक्षता आत्ता नको, लाइट गेली.’ ‘पंडितजी, दो मिनट, दुल्हन की आँख बंद आ गयी.’ कन्यादानाचे उदक बापाच्या ओंजळीतून एकदा सुटले की सुटले. ते पुन्हा ओंजळीत कसे घ्यावे? अभ्यासात ‘पुन्हा’ असते, संस्कारात नसते, हे मला गुरुगृही शिकवले गेले होते. तरी मी पुन्हा घेऊ देत असे. दात आवळून घेऊ देत असे, आणि घरी येऊन त्याचा सूड जेवणाच्या ताटावर उगवत असे.

आमच्या घराला एक गॅलरी होती. तिच्यातून समोरच्या मिलची चिमणी दिसे आणि दिवसभर वाफेचा, ओल्या कापडाचा, कसल्याशा आंबट रसायनाचा वास आत येई. टेम्पोतून ताके खाली टाकल्याचा धप् धप् आवाज आमच्या पूजेचा ठेका झाला होता. मुलगा विनायक रंगखात्यात होता. त्याच्या नखांवरून बाजारात सध्या कोणता रंग चालू आहे ते कळे. सणासुदीच्या आधी ती नखे डाळिंबी होत, उन्हाळ्यात पोपटी. सूनबाई आणि नात मृदुला शिकवणीचे वर्ग घेत, तेव्हा पुढची खोली मुलांच्या पाढ्यांनी भरून जाई. स्वयंपाकघर मात्र आमच्या सौभाग्यवतीचे, सुमतीचे. लग्न लावून मी परतलो की ती वरणबट्टी करी. बट्टी वाफवून, कापून, तुपात तळताना जो सुगंध सुटे, त्याने माझा राग निवतो अशी तिची समजूत होती. एका दुपारी मी बट्टीचा तुकडा वरणात इतक्या जोराने चुरला की शिंतोडे भिंतीवर गेले.

“अहो,” ती म्हणाली, “बट्टी तुम्हाला थांबा म्हणाली का?”

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. पांडेसऱ्यातल्याच एका सभागृहात लग्न होते. मंगळसूत्र बांधून झाले, मी पुढचा मंत्र उचलला, आणि समोरून एका बाईचा स्पष्ट आवाज आला, “गुरुजी, थांबा. मंगळसूत्र परत बांधायला लागेल. मला काहीच दिसलं नाही.” तिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेली, गळ्यात मोठा काळा कॅमेरा. ही सुजाता. उधन्याची. तिचे वडील रेल्वेत होते, बौद्ध घराणे. हे सर्व मला आधीपासून ठाऊक होते, कारण आमच्या वस्तीतल्या बहुतेक लग्नांत ती असे. वधूपिता हात जोडून अहिराणीत विनवू लागला, “महाराज, आखो एकदाव घी ल्या ना. फोटो नही उना.” फोटो आला नाही म्हणून संस्कार पुन्हा! मी आसनावरून उठलो. तीस वर्षांत मी विधीच्या मध्ये कधी आसन सोडले नव्हते.

“हा संस्कार आहे, नाटक नव्हे!” मी ओरडलो. “आणि तुम्हा लोकांना त्याचे काय?”

सुजाताने कॅमेरा खाली घेतला.

“तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, गुरुजी?”

मी शब्दांवर जगणारा मनुष्य. एकेका शब्दाच्या व्युत्पत्तीवर मी तासभर बोलू शकतो. त्या क्षणी मला एकही शब्द सुचला नाही. मग तिने अतिशय सावकाश म्हटले, “फोटोवाल्यांना, असं म्हणायचं असेल तुम्हाला. तसंच धरते. मग एक करा. तुम्हीच काढून दाखवा. कुणाला न थांबवता. मी पाया पडेन तुमच्या.” आणि तिने कॅमेरा उचलून पुढचे काम सुरू केले. मंगळसूत्र मी पुन्हा बांधू दिले नाही. तो माझा विजय होता असे मला घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिले.

रागाला काहीतरी हातात धरायला लागते. मी शहरात जाऊन कॅमेरा घेऊन आलो. दुकानदार गुजराती, हसतमुख. “काका, गिफ्ट आपवानुं छे?” भेट द्यायचा आहे का, असे त्याने विचारले. “ना. मारे शीखवुं छे,” मला शिकायचे आहे, असे मी म्हणालो. त्याने शेजारच्या गिऱ्हाईकाकडे पाहून जे हसू दाबले, ते मला परतीच्या रिक्षात सबंध वाटभर पुरले. मोठे कॅमेरे माझ्या मनगटांना पेलणारे नव्हते. त्याने मला आरसा नसलेला लहान कॅमेरा दाखवला. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा असतो, प्रत्येक चित्रागणिक तो उडतो आणि खट् असा आवाज होतो. याच्यात तो आरसाच नाही. उजेड भिंगातून थेट आतल्या संवेदक काचेवर पडतो आणि डोळा लावायच्या छिद्रात, जे चित्र येणार तेच आधी दिसते. तो माझ्या पंचांगाच्या पिशवीत मावला. आणि दुकानदाराने एक खुबी दाखवली तेव्हा मला भरून आले: एक कळ फिरवली की काचेपुढच्या पडद्याचा उरलेला बारीक आवाजही जाऊन हा कॅमेरा अगदी निःशब्द होई. चित्र निघे, पण आवाज नाही. मला वाटले, हे यंत्र मौनव्रत जाणते. देवानेच हे माझ्यासाठी धाडले.

पुढचा महिनाभर मी त्या यंत्रावर जे काही केले त्याला छायाचित्रण म्हणणे पाप होईल. देवघरातला तांब्या, गॅलरीतली तुळस, सुमतीचे हात, सगळे धूसर. माहितीपुस्तक बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. मृदुला मदतीला आली तर मी तिच्यावर डाफरलो. माझा एकेकाळचा विद्यार्थी अवधूत, जो आता स्वतः पौरोहित्य करतो, तो म्हणाला, “गुरुजी, विद्या गुरूवाचून येत नाही असं तुम्हीच शिकवलंत.” त्याच्यावरही डाफरलो. परंतु तो खरे बोलत होता, आणि गुरू कोण हेही मला ठाऊक होते. त्या ज्ञानाने मला जितका संताप आला तितका तिच्या ‘थांबा’नेही आला नव्हता.

मी उधन्याला गेलो. सुजाताचा स्टुडिओ म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. तिने मला पाहिले, माझ्या पिशवीतला कॅमेरा पाहिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

“शिकवाल का?” मी विचारले.

“त्याआधीचं राहिलंय, गुरुजी.”

कोणते, हे मी विचारले नाही. मी म्हणालो, “त्या दिवशी मी ‘तुम्हा लोकांना’ म्हणालो, ते फोटोवाल्यांना उद्देशून नव्हते. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. मी चुकलो.” हे वाक्य मी उधन्याच्या वाटेवर संस्कृतात रचून पाहिले होते, तिथे ते फार सुंदर झाले होते. मराठीत ते एवढेच उरले.

मग तिने कपाटातून पाच-सहा अल्बम काढून माझ्यासमोर टाकले. “बघा.” मी पाने उलटू लागलो. एका लग्नात मंगळसूत्र बांधतानाचे चित्र: मध्यभागी उपरण्याने झाकलेली एक रुंद पाठ, तिच्या एका कडेला वधूच्या कानातले तेवढे. दुसऱ्या लग्नात कन्यादान: पाठ. तिसऱ्यात लाजाहोम: पाठ, आणि पाठीवरून वर येणारा धूर. उपरणी बदलत होती, सभागृहे बदलत होती, पाठ तीच.

“आम्ही आपसात याला गुरुजींची पाठ म्हणतो,” सुजाता म्हणाली. “पांडेसऱ्यात कुणालाही विचारा. नेमका टाइम आला की तुम्ही पुढे वाकता. गाठ नीट बसली का ते बघायला. तुमची भक्ती आहे, मला कळतं. पण नंतर नवरीचा बाप मला विचारतो, माझ्या पोरीचं तोंड कुठंय? मी काय सांगू? म्हणून म्हणते, थांबा. मला काय हौस आहे?”

मला उठून जावेसे वाटले. तीस वर्षे मी ज्या अपराधावर जळत होतो, त्याच्या मधोमध माझीच पाठ उभी होती. आणि मंगल क्षण नीट पार पडावा या काळजीनेच ती तिथे वाकली होती. आज हे शांतपणे लिहितो आहे. त्या दिवशी मला सुजाताचाच राग आला, तिने इतकी वर्षे हे सांगितले का नाही म्हणून. तसे मी विचारलेही.

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं?” ती म्हणाली, आणि चहा सांगायला उठली.

अशी माझी दुसरी विद्यार्थिदशा सुरू झाली. आठवड्यातून दोन सकाळी मी उधन्याला जाई. आमच्या पाठशाळेत गुरूने एक चरण म्हणायचा आणि शिष्याने तो दोनदा म्हणायचा, याला संथा म्हणत. सुजाताची संथा याहून कठोर होती. खिडकीत एक स्टीलचा पेला ठेवायची आणि म्हणायची, “पन्नास वेळा काढा. दर वेळी उजेड वेगळा दिसला पाहिजे.” भिंगाचे छिद्र किती उघडावे, उजेड किती वेळ आत घ्यावा, आणि अंधारात आतल्या काचेची जाणीव किती तीव्र करावी, ही तिन्ही एकमेकांशी कशी बांधलेली आहेत हे तिने मला त्या पेल्यावर शिकवले. एक वाढवले की दुसरे आवरावे लागते. चूक झाली की म्हणे, “गुरुजी, परत.” मी उसळून तिच्याकडे पाही. “इथं चालतं,” ती हसे, “हा पेला आहे, नवरी नाही.” मी भाकरी-ठेच्याचा डबा नेई; तिची आई आतून वांग्याचे भरीत पाठवी. पहिल्या दिवशी ते माझ्या पानात पडले तेव्हा माझा हात घासभर थबकला, हे लिहायचे टाळले असते तर हे पुस्तक खोटे झाले असते. सुजाताने ते पाहिले. मी घास घेतला. भरीत उत्तम होते, आणि माझ्या त्या घासभर थबकलेल्या हाताचा मला अजून राग येतो.

दसरा आला. सुरतेत त्या दिवशी सकाळपासून फाफडा-जिलेबीच्या रांगा लागतात आणि मिलमिलांत यंत्रांना हार चढतात. ज्या साधनाने विद्या मिळते त्याचे पूजन करावे, असा आमच्या घरचा नेम. माझ्या पोथ्या, विनायकाची रंग ढवळायची पळी, सूनबाईंचे खडू, सुमतीची विळी, सगळे पाटावर मांडले जाई. त्या वर्षी मध्यभागी कॅमेरा होता. देवाची पूजा करायची तर मूर्तीची करावी, गाभाऱ्याच्या दाराची करून काय उपयोग, असा विचार करून मी भिंग काढले. आत ती लहानशी चौकोनी काच इंद्रधनुष्यासारखी चमकत होती. तेच याचे हृदय. मी तिच्यावर मंत्रपूर्वक गंधफूल वाहिले आणि चिमूटभर कुंकू.

त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात आकाशाला एक डाग होता. तुळशीला तोच डाग, विनायकाच्या कपाळालाही तोच. मी कॅमेरा घेऊन सुजाताकडे धावलो. तिने भिंग काढून आत पाहिले आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

“हे काय केलंत? इथं आम्ही फुंकर मारायला घाबरतो, गुरुजी! तुम्ही कुंकू घातलंत?”

“पूजा केली.”

“कॅमेऱ्याची पूजा त्याला स्वच्छ ठेवून करतात!” तिने दार लावले, पंखा बंद केला, आणि रबरी पंपाच्या वाऱ्याने, मग एका लहानशा ओलसर पट्टीने ते कुंकू कणाकणाने काढले. तास गेला. तेवढा वेळ मी भिंतीशी उभा होतो, पाठशाळेत चूक झाल्यावर उभा राहत असे तसा. “आरसेवाल्या कॅमेऱ्यात निदान मधे आरसा तरी असतो,” ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “याच्यात आणि तुमच्यात मधे काहीच नाही. म्हणून जपायचं.”

फाल्गुनात मृदुलाचे लग्न ठरले. बारडोलीचा मुलगा, घर उसाच्या शेतीचे, माणसे सालस. एका सकाळी ती माझ्या आसनाजवळ येऊन बसली.

“आजोबा, एक मागू? माझ्या लग्नात कुणी थांबा म्हणायचं नाही. एकदाही नाही. तुमच्या यजमानांच्या पोरींना लोक बाहुलीसारखं पुन्हा पुन्हा उभं करतात, ते मी लहानपणापासून ऐकतेय तुमच्या तोंडून. माझं एकदाच व्हायला हवं.”

“मग छायाचित्रे?”

“तुम्ही काढा. विधी अवधूतकाका करतील. बाहेरचा फोटोग्राफर नको.”

मी दोन्ही हातांनी ते मागणे स्वीकारले. पाण्यावर हात ठेवून संकल्प सोडला की या विवाहात तो शब्द उच्चारला जाणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सुजाताला निमंत्रण द्यायला गेलो. पाहुणी म्हणून, कामाला नव्हे.

तिने विचारले, “कोणत्या शटरवर काढणार?”

“निःशब्द. अर्थातच. मंत्राच्या मध्ये एक टिचकीसुद्धा नको.”

“गुरुजी, ऐका. उन्हात ते चालतं. हॉलमधले दिवे आपल्याला सलग जळताना दिसतात, पण ते भराभर उघडमीट करत असतात. निःशब्द असताना हा कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. वाचता वाचता दिवा मिटला की काळा पट्टा पडतो. तोंडावरून आडवा. साधं शटर लावा, पडदा खरंच उघडमीट करतो ते. याचा आवाज कितीसा? उंबरठ्यावर मांजर उतरल्याएवढा.”

“मंगल क्षणी मौन,” मी म्हणालो.

“आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन तपासून तरी घ्या.”

गेलो नाही. का गेलो नाही? कारण मला वाटले, ज्या मौनाची मी आयुष्यभर उपासना केली ते मला ऐन वेळी दगा देणार नाही. हा अहंकार होता, आणि त्याने भक्तीचे उपरणे पांघरले होते, म्हणून मला तो ओळखता आला नाही.

लग्नाच्या दिवशी सगळे मनासारखे चालले होते. अवधूतचे उच्चार स्वच्छ. तो बाजूला बसला होता, कारण पाठीची गोष्ट मी त्याला सांगितली होती. खिडक्यांतून ऊन येत होते तोवर माझी चित्रे निर्मळ येत होती. सप्तपदीच्या वेळी मात्र सभागृहवाल्याने मंडपाभोवतीचे सगळे दिवे लावले. जांभळे, गुलाबी, पांढरे. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या. मृदुलाने पहिल्या राशीवर उजवे पाऊल ठेवले. मी कळ दाबली. आवाज नाही. मी समाधानाने चित्र पाहिले, आणि त्या चित्रात माझ्या नातीच्या चेहऱ्यावरून चार काळे पट्टे आडवे गेले होते.

पुढे जे झाले ते मी अनेकदा स्वतःला सांगितले आहे. मी डोळा कॅमेऱ्यातून काढला नाही. एकेक कळ फिरवू लागलो, यादीत यादी उघडत गेलो, साधे शटर कुठे आहे ते सापडेना; दर पावलाला चित्र काढून पाही, पुन्हा तेच पट्टे. कानांवर अवधूतचा मंत्र येत होता. दुसरे पाऊल, तिसरे, चौथे. प्रत्येक पावलाचा अर्थ मी शेकडो मुलींना समजावून सांगितला आहे: अन्नाचे, बळाचे, समृद्धीचे, सुखाचे. माझ्या नातीची ती पावले पडत होती आणि मी एका चौकटीत अक्षरे शोधत होतो. पाचवे. सहावे. मी मान वर केली. सातव्या राशीवर तिचे पाऊल उचललेले होते. सख्याचे पाऊल, ज्यानंतर विवाह पुरा होतो. आणि माझा हात आपोआप वर गेला.

“थांबा!”

माझाच आवाज. साऱ्या सभागृहाने ऐकला. क्षणभर पाऊल अधांतरी राहिले. मागून कुणीतरी पाहुणा म्हणाला, “लो! गुरुजी बी?” आणि हास्याचा लोट उठला. मृदुलाने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते; असते तर बरे झाले असते. ती इतकेच म्हणाली, “नाही, आजोबा.” आणि माझा हात वर असतानाच पाऊल ठेवले. अवधूतने मंत्र तोडला नव्हता. तोडू नये असे मीच त्याला शिकवले होते.

पाठवणीच्या वेळी तिने सर्वांना वाकून नमस्कार केला. मलाही केला. वर पाहिले नाही. बारडोलीची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सुमती माझ्याजवळ आली. मला वाटले ती समजूत घालील. “दुसरं ते सहावं,” ती म्हणाली, “पाच पावलं तुम्ही पाहिली नाहीत. मी तुमच्याकडेच बघत होते.” घरी आल्यावर तिने बट्टी केली नाही. मी मागितलीही नाही. दिवसच्या दिवस समोरच्या मिलची वाफ पाहत मी गॅलरीत बसून राही. आयुष्यभर ज्यांच्यावर दात आवळले ते सारे, दिवेवाले, तारावाले, हिंदीत ओरडणारे, एकेक करून माझ्यासमोर येत आणि त्यांचा एकही अपराध मला सापडत नसे. मग तो सगळा राग घेऊन जायचे कुठे? मृदुलाचा दूरध्वनी सुमतीला येई. माझी चौकशी होई, पण मला फोनवर बोलावले जात नसे.

पंधराएक दिवसांनी सुजाता घरी आली. तिने एक पाकीट दिले. “पाहुणी म्हणून बोलावलंत, पण सवय जात नाही. पर्समध्ये लहान कॅमेरा होता. एकच काढला. साध्या शटरवर,” ती म्हणाली. “खट् झालं, कुणाला ऐकूपण आलं नाही. तुमचाच आवाज मोठा होता.”

चित्रात डाव्या बाजूला मी होतो. पाठ नव्हे, समोरून. हात वर, तोंड उघडे, मानेच्या शिरा ताठ. इतके कुरूप मी स्वतःला कधी पाहिले नव्हते. आणि माझ्या पसरलेल्या पंज्यापलीकडे, स्वच्छ उजेडात, मृदुला होती. तिची हनुवटी किंचित वर, नजर पुढे, आणि पाऊल तांदळाला नुकते टेकलेले. दाणे उडताना दिसत होते. कसलाही पट्टा नव्हता.

“हिला द्यायचा का?” सुजाताने विचारले. “तुम्ही नाही म्हणालात तर पुसून टाकते. कुणाला कळणार नाही.”

नाही म्हणायची इच्छा झाली होती, हे लपवत नाही. “द्या,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी दूरध्वनी आला आणि सुमतीने तो माझ्या हाती दिला. मृदुलाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “आजोबा, लग्नाचा एकच फोटो भिंतीवर लावलाय मी. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हे आमच्या सूनबाईचे आजोबा, ओरडतायत ते.” पुढे म्हणाली, “रविवारी या. पट्टेवाले पण घेऊन या. मला पहिली सहा पावलं बघायची आहेत.”

त्या चित्राची एक प्रत आमच्या पुढच्या खोलीत आहे, जिथे यजमान मुहूर्त काढायला बसतात. काहीजण विचारतात, महाराज इतके कशावर चिडलात? मी त्यांना पंचांग उघडून दाखवतो. कॅमेरा माझ्या पिशवीत असतो. मी साध्या शटरवर चित्रे काढतो, दसऱ्याला त्याच्या शेजारी फक्त एक झेंडूचे फूल ठेवतो, भिंग काढत नाही. गुरुपौर्णिमेला उधन्याला जातो. सुजाता पाया पडू देत नाही, म्हणते, “आधी मी पडणार होते ना, पैज होती.” पैज मी हरलो, हे ती एकदाही बोलून दाखवत नाही.

रागाचे मात्र काय सांगू? तो निवला असे लिहिले तर खोटे होईल. परवा पांडेसऱ्यात लग्न लावत होतो. मंगळसूत्राची वेळ आली, मुलाच्या हातून दोरा निसटत होता, गाठ नीट बसते की नाही या काळजीने मी पुढे वाकलो, आणि समोरून एका नव्या, अनोळखी पोराचा कर्कश आवाज आला, “ओ महाराज! थांबा, थांबा!” तोच जुना जाळ घशापर्यंत आला, तेच वाक्य जिभेवर आले. मी मान वर केली. कॅमेऱ्यामागे त्याचा एक डोळा मिटलेला होता, आणि त्याच्या आणि वधूच्या मध्ये कोण आहे ते मला दिसले.

मंत्र न तोडता मी वीतभर डावीकडे सरकलो.